गेऑर्ग फॉन ब्योझेलागर : घोडदळातील युद्धसेवा आणि सन्मानचिन्हे – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धातील जर्मन घोडदळाविषयी वाचकांकडून येणाऱ्या प्रश्नांत गेऑर्ग फॉन ब्योझेलागर हे नाव सर्वाधिक वेळा येते. हिटलरच्या सरकारने ज्याच्या शौर्याचा मोठा गौरव केला, तोच अधिकारी हिटलरला ठार मारण्याच्या कटात होता, हे त्याचे मुख्य कारण. पुन्हापुन्हा विचारले जाणारे प्रश्न खाली क्रमाने घेतले आहेत. एका उत्तरातील माहिती दुसऱ्यात लागते तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हा ब्योझेलागर नेमका कोण होता?

गेऑर्ग फ्राय्हेर फॉन ब्योझेलागर हा जर्मन भूदलातील घोडदळाचा अधिकारी. त्याचा जन्म २५ ऑगस्ट १९१५ रोजी कॅथलिक उमराव घराण्यात झाला. घराण्याची गढी बॉनजवळ हायमर्टसहाइम येथे होती. गेऑर्ग आणि त्याचा धाकटा भाऊ फिलिप हे दोघेही बाड गोडेसबेर्ग येथील जेझुइटांच्या शाळेत शिकले. १९३४ मध्ये गेऑर्ग पाडरबॉर्नच्या १५ व्या घोडदळ रेजिमेंटमध्ये अधिकारीपदाचा उमेदवार म्हणून दाखल झाला. २७ ऑगस्ट १९४४ रोजी, म्हणजे एकोणतिसाव्या वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, पोलंडमधील वॉम्झा गावाजवळ तो लढाईत मारला गेला. त्या वेळी तो लेफ्टनंट कर्नल होता. मृत्यूनंतर त्याला कर्नलचा हुद्दा देण्यात आला. ‘फ्राय्हेर’ हा लष्करी हुद्दा नसून बॅरनच्या तोडीची उमरावी पदवी आहे, त्यामुळे हुद्द्यांच्या यादीत ती शोधू नये.

२. रणगाड्यांच्या युद्धात घोडदळाचे काम काय होते? ते तर पहिल्या महायुद्धातच संपले ना?

संपले नव्हते, पण त्याचे स्वरूप पार बदलले होते. व्हर्सायच्या तहाने जर्मनीच्या भूदलाला एक लाख माणसांची मर्यादा घातली. त्या छोट्या सैन्यात सात पायदळ डिव्हिजनांच्या जोडीला तीन घोडदळ डिव्हिजना होत्या, त्यामुळे दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात जर्मन सैन्यात घोडदळाचे प्रमाण फार मोठे होते. १९३५ नंतर त्यातील बरीच माणसे रणगाडा दलाकडे वळवण्यात आली. उरलेल्या बहुतेक रेजिमेंटी १९३९ च्या सैन्यजमावात मोडून पायदळ डिव्हिजनांच्या टेहळणी तुकड्यांत वाटून टाकण्यात आल्या. अशा तुकडीत सामान्यतः एक स्क्वाड्रन घोडेस्वारांचे, एक सायकलस्वारांचे आणि एक जड शस्त्रांचे असे.

स्वतंत्र म्हणावे असे घोडदळ एका ब्रिगेडपुरतेच उरले. त्या ब्रिगेडची पुढे पहिली घोडदळ डिव्हिजन झाली आणि १९४१ च्या अखेरीस तिचेही २४ व्या पँझर (रणगाडा) डिव्हिजनमध्ये रूपांतर झाले. तलवारी उपसून शत्रूवर चाल करणारे घोडदळ मनात ठेवून ब्योझेलागरच्या सेवेकडे पाहिले, तर काहीच नीट उलगडत नाही. घोडा पोहोचण्यासाठी होता; लढाई बहुधा पायउतार होऊनच होत असे. मात्र बेलारूसच्या दलदलीत आणि जंगलात, जिथे ट्रक चिखलात रुतून बसत, तिथे हा पोहोचण्याचा भागच निर्णायक ठरत असे.

३. त्याची युद्धसेवा थोडक्यात, क्रमाने सांगाल का?

युद्ध सुरू झाले तेव्हा तो सहाव्या पायदळ डिव्हिजनच्या सहाव्या टेहळणी तुकडीत होता आणि तिच्या पहिल्या स्क्वाड्रनचे, म्हणजे घोडेस्वारांचे, नेतृत्व त्याच्याकडे होते. १९४० च्या उन्हाळ्यात तो फ्रान्सच्या मोहिमेत लढला. जून १९४१ पासून तो पूर्व आघाडीवर होता आणि त्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत मॉस्कोच्या दिशेने झालेल्या आगेकुचीत आणि नंतरच्या माघारीत त्याची तुकडी अखंड लढत होती. १९४२ मध्ये त्याला काही काळ प्रशिक्षणाच्या कामावर नेमले गेले.

१९४३ च्या आरंभी मध्य सैन्यसमूहाच्या, म्हणजे पूर्व आघाडीच्या मधल्या भागातील जर्मन फौजेच्या, क्षेत्रात विखुरलेली स्वारांची पथके एकत्र करून त्याच्या नेतृत्वाखाली नवे दल उभे राहिले. सुरुवातीला ते त्याच्याच नावाने ओळखले जाई. वसंत ऋतूत त्याला ‘मध्य घोडदळ रेजिमेंट’ असे अधिकृत नाव मिळाले. १९४४ मध्ये त्याचा विस्तार होऊन तिसरी घोडदळ ब्रिगेड तयार झाली आणि तिचा पहिला प्रमुखही तोच होता. जून १९४४ मध्ये सोव्हिएत फौजांनी बेलारूसमध्ये ‘बाग्रातियोन’ मोहीम सुरू केली आणि मध्य सैन्यसमूह कोलमडला. त्या माघारीत ही ब्रिगेड भगदाडे बुजवण्यासाठी वापरली गेली. नारेव नदीच्या आघाडीवर, त्याच माघारीच्या शेवटच्या टप्प्यात, ब्योझेलागर पडला.

४. त्याला कोणकोणती सन्मानचिन्हे मिळाली?

आयर्न क्रॉसचे दोन्ही वर्ग त्याच्याकडे होते. ते असल्याशिवाय वरचा सन्मान मिळतच नसे. त्यापुढील तीन नोंदी महत्त्वाच्या आहेत (त्यांचा अर्थ प्रश्न ५ मध्ये). १८ जानेवारी १९४१ रोजी नाइट्स क्रॉस मिळाला, तेव्हा तो ओबरलॉइटनंट (कॅप्टनच्या खालचा हुद्दा) होता. ३१ डिसेंबर १९४१ रोजी ओकपर्णे मिळाली, तेव्हा तो रिटमाइस्टर होता; घोडदळात कॅप्टनला हेच नाव होते. २८ नोव्हेंबर १९४४ रोजी तलवारी जाहीर झाल्या, त्या मरणोत्तर. ओकपर्णांच्या मानकऱ्यांत त्याचा क्रमांक ५३ वा, तर तलवारींच्या मानकऱ्यांत ११४ वा आहे.

इंटरनेटवरील काही याद्यांत त्याच्या नावापुढे आणखी बरीच पदके जोडलेली दिसतात. या पानावर वरील नोंदींपुरतेच थांबले आहे.

५. नाइट्स क्रॉस, ओकपर्णे, तलवारी ही वेगवेगळी पदके आहेत का?

नाहीत. त्या एकाच सन्मानाच्या चढत्या पायऱ्या आहेत. आयर्न क्रॉस हे प्रशियाचे जुने पदक. राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याने ते १८१३ मध्ये नेपोलियनविरुद्धच्या युद्धासाठी सुरू केले. १ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरने ते नव्याने सुरू केले आणि त्यात गळ्यात घालायच्या नाइट्स क्रॉसची भर घातली. जून १९४० मध्ये त्याच्यावर ओकपर्णांची पायरी आली, १९४१ मध्ये तलवारी आणि हिरे आले, आणि १९४४ च्या अगदी अखेरीस सोन्याची ओकपर्णे, जी हान्स-उलरिश रुडेल या एकाच वैमानिकाला मिळाली.

पायरी चढली की नवा क्रॉस मिळत नसे. गळ्यातल्या त्याच क्रॉसच्या वर, फीत अडकते तिथे, नवे चिन्ह येई. नाइट्स क्रॉस सात हजारांहून अधिक जणांना मिळाला, ओकपर्णे नऊशेच्या आत, तलवारी सुमारे एकशे साठ आणि हिरे फक्त सत्तावीस जणांना. क्रमांक ओकपर्णांपासून पुढेच दिले जात, म्हणून ब्योझेलागरच्या नाइट्स क्रॉसला क्रमांक नाही. ही माहितीतील त्रुटी नव्हे.

६. त्या तलवारी म्हणजे घोडदळाची खूण का?

नाही. लढाऊ वैमानिक, पाणबुड्यांचे कप्तान आणि रणगाडा सेनानी यांनाही त्याच तलवारी मिळाल्या. जर्मन सन्मानचिन्हांवरील एकमेकींवर फुली मारलेल्या तलवारी सामान्यतः ‘रणांगणावर मिळवलेले’ एवढेच सांगतात. दलाशी त्यांचा संबंध नसतो. घोडदळाची ओळख गणवेशावरील सोनेरी पिवळ्या रंगाच्या पट्टीवरून होत असे, पदकावरून नव्हे.

७. फ्रान्सची मोहीम जून १९४० मध्ये संपली, मग नाइट्स क्रॉस जानेवारी १९४१ मध्ये कसा? तारीख चुकली आहे का?

तारीख बरोबर आहे. नोंदीतील तारीख ही कामगिरीची नसून मंजुरीची असते. शिफारस तुकडीकडून डिव्हिजनकडे, तिथून कोर आणि सैन्याच्या मुख्यालयांमार्गे भूदलाच्या कार्मिक विभागाकडे जात असे आणि मंजुरी हिटलरच्या नावाने होत असे. प्रत्येक टेबलावर कागद थांबू शकत असे. ब्योझेलागरच्या बाबतीत तिन्ही वेळा हे लक्षात ठेवावे लागते. पहिला क्रॉस १९४० च्या फ्रान्समधील नेतृत्वाचा आहे, ओकपर्णे १९४१ च्या पूर्वेकडील लढायांची आहेत, आणि तलवारी जाहीर झाल्या तेव्हा त्याला जाऊन तीन महिने झाले होते. हुद्द्याचा घोळही यातूनच होतो, कारण तलवारींच्या नोंदीपुढे जो कर्नलचा हुद्दा दिसतो, तो त्याला हयातीत कधीच मिळाला नव्हता.

८. तो हिटलरविरोधी कटात होता हे खरे की युद्धानंतर रचलेली गोष्ट?

खरे आहे. मध्य सैन्यसमूहाच्या मुख्यालयात हेनिंग फॉन ट्रेस्को या अधिकाऱ्याभोवती कटवाल्यांचा गट जमला होता. या सैन्यसमूहाचा प्रमुख, फील्ड मार्शल ग्युंटर फॉन क्लूगे, याच्या हाताखाली फिलिप ब्योझेलागर सहायक अधिकारी होता. फिलिपने पुढे सांगितलेला एक प्रसंग येथे द्यायला हवा. १९४२ मध्ये मुख्यालयात आलेल्या अहवालात पाच जिप्सींना ‘विशेष वागणूक’ दिल्याची ओळ होती. एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाचा अधिकारी बाख-झेलेव्स्की याला तिचा अर्थ विचारल्यावर त्याने त्यांना गोळ्या घातल्याचे सरळ सांगितले. अहवालातील ती एक ओळ फिलिपच्या निर्णयामागे होती आणि दोघे भाऊ ट्रेस्कोच्या गटात गेले.

१३ मार्च १९४३ रोजी हिटलर स्मोलेन्स्कजवळच्या मुख्यालयात येणार होता. तेथेच, काही अधिकाऱ्यांनी मिळून पिस्तुलांनी त्याला मारावे, असा बेत होता आणि गेऑर्ग त्या नेमलेल्यांपैकी एक होता. क्लूगेला बेताची कल्पना होती; त्याने ऐन वेळी संमती नाकारली. एसएसचा प्रमुख हिमलर सोबत येणार नव्हता, त्यामुळे एसएस शिल्लक राहील आणि यादवी पेटेल, हे त्याचे एक कारण. त्याच दिवशी परतीच्या विमानात मद्याच्या बाटल्यांचे पुडके म्हणून बॉम्ब ठेवण्यात आला. तो फुटला नाही. क्लूगेच्या कचरण्याकडे आज सहानुभूतीने पाहणे कठीण आहे, पण हिमलर जिवंत असताना आणि एसएस शाबूत असताना बंड टिकेल का, हा त्याचा प्रश्न पोकळ नव्हता, हेही नोंदवायला हवे.

९. घोडदळ रेजिमेंट मुळात कटासाठीच उभारली होती का?

पूर्णपणे तसे म्हणता येणार नाही. माघारीच्या आणि गनिमी युद्धाच्या क्षेत्रात चपळ राखीव दल हवे होते आणि ते मिळाल्यावर त्याचा पुरेपूर लष्करी उपयोगही झाला (प्रश्न १३). पण ट्रेस्कोला आपल्या विश्वासातील माणसाच्या हाताखाली, मुख्यालयाच्या आवाक्यात असलेली तुकडीही हवी होती. एकाच तुकडीने दोन्ही गरजा भागत होत्या. स्फोटकांच्या कामातही या वर्तुळाचा हात होता. कटात सामील असलेला जनरल हेल्मूट श्टीफ याच्यापर्यंत स्फोटके सूटकेसमधून पोहोचवण्याचे काम फिलिपने केले.

१०. २० जुलै १९४४ रोजी या घोडेस्वारांनी प्रत्यक्ष काय केले?

त्या दिवशी हिटलरच्या मुख्यालयात कटवाल्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटल्यानंतर बर्लिन ताब्यात घेण्यासाठी भरवशाची माणसे लागणार होती. त्यासाठी फिलिपने सुमारे १२०० स्वार पूर्व आघाडीवरून काढून मागे आणले. सुमारे दोनशे किलोमीटर घोड्यावरून जाऊन विमानतळ गाठायचा आणि तिथून विमानाने बर्लिन, अशी योजना होती. आघाडी रोज मागे सरकत असताना एवढी माणसे काढणे म्हणजे काय, हे समजायला लष्करी शिक्षण लागत नाही. त्यात बहुतेकांना आपण कशासाठी चाललो आहोत, याचा पत्ताही नव्हता.

हिटलर वाचल्याचे कळताच गेऑर्गचा निरोप आला : ‘सगळे जुन्या बिळांत’. ठरलेला अर्थ एवढाच की बेत फसला, आल्या वाटेने परत फिरा. स्वार परत फिरले आणि आघाडीवर आपल्या जागी पोहोचले. वरच्या मुख्यालयांना हा प्रवास त्या दिवसांतल्या शेकडो हालचालींपैकी एक वाटला असावा. तसे झाले नसते, तर दोघे भाऊ वाचले नसते.

११. तो कटात होता, तर मग हिटलरने त्याला मरणोत्तर तलवारी दिल्या कशा?

सर्वाधिक येणारा प्रश्न हाच. उत्तर साधे आहे : त्याचे नाव उघड झाले नव्हते.

ट्रेस्कोने २१ जुलैला आघाडीवर जाऊन स्वतःचा जीव घेतला. श्टीफला अटक झाली आणि ८ ऑगस्टला फाशी झाली. क्लूगेने १९ ऑगस्टला विष घेतले. फाबियान फॉन श्लाब्रेनडोर्फ या ट्रेस्कोच्या निकटच्या सहकाऱ्याला पकडून छळण्यात आले. त्याने नावे सांगितली नाहीत. त्यामुळे नोव्हेंबरमध्ये शिफारशीचा कागद मंजुरीसाठी आला, तेव्हा वर बसलेल्यांसमोर आघाडीवर पडलेला, आधीच ओकपर्णे मिळवलेला एक ब्रिगेडप्रमुख एवढेच चित्र होते.

ज्यांची नावे उघड झाली, त्यांच्याशी ताडून पाहिले की फरक कळतो. ऑगस्ट १९४४ मध्ये ‘सन्मान न्यायालय’ नेमून कटातील अधिकाऱ्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले, जेणेकरून लष्करी न्यायालयाऐवजी त्यांना रोलांड फ्रायस्लरच्या जनन्यायालयापुढे, म्हणजे राजकीय खटल्यांच्या नाझी न्यायालयापुढे, उभे करता यावे. फील्ड मार्शल एर्विन फॉन विट्सलेबेन यालाही नाइट्स क्रॉस मिळालेला होता. त्याने त्याला वाचवले नाही. म्हणून ‘तलवारी मिळाल्या, त्याअर्थी तो कटात नसणार’ हा युक्तिवाद टिकत नाही, आणि ‘हिटलरने उदारपणे माफ केले’ ही काही ठिकाणी फिरणारी गोष्ट तर निव्वळ कल्पित आहे.

१२. गेऑर्ग आणि फिलिप यांची गल्लत होते. दोघांना वेगळे कसे ओळखावे?

गेऑर्ग थोरला, तलवारींचा मानकरी, १९४४ मध्ये मृत. फिलिप धाकटा (जन्म १९१७), क्लूगेचा सहायक आणि नंतर थोरल्या भावाच्याच घोडदळात बटालियनप्रमुख. फिलिपलाही नाइट्स क्रॉस मिळाला आणि त्याच्या नोंदीवर तारीख आहे २० जुलै १९४४. हा योगायोग वाचून अनेकांना छापण्यातली चूक वाटते. ती चूक नाही, आणि प्रश्न ७ मधील स्पष्टीकरण तिलाही लागू आहे. फिलिप युद्धातून वाचला, पुढे फ्रान्सने त्याला ‘लेजिओं दॉनर’ देऊन गौरवले आणि १ मे २००८ रोजी तो वारला. त्याच्या निधनाच्या बातम्यांत त्याला कटाचा शेवटचा हयात सदस्य म्हटले गेले. ते सैलपणे लिहिलेले आहे, कारण कटातील दुसरा अधिकारी एवाल्ड-हाइनरिश फॉन क्लाइस्ट २०१३ पर्यंत हयात होता.

१३. कटात असला म्हणजे त्याचे हात स्वच्छ, असे मानायचे का?

नाही, आणि हा प्रश्न टाळून त्याच्या सेवेविषयी लिहिणे प्रामाणिक होणार नाही. १९४३ मध्ये त्याची रेजिमेंट बेलारूसमध्ये गनिमांविरुद्धच्या, म्हणजे जर्मन ताब्याविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र गटांविरुद्धच्या, कारवायांत होती. या कारवायांत जर्मन फौजांनी गावेच्या गावे जाळली आणि नागरिकांना मोठ्या संख्येने ठार मारले. खुद्द गेऑर्गने जून १९४३ मध्ये गनिमी युद्धाविषयी एक टिपण लिहिले. शांत झालेला, गनिमांचा धोका असलेला आणि गनिमांनी व्यापलेला, असे प्रदेशाचे तीन भाग करावेत, अशी त्यात सूचना होती, आणि तिसऱ्या भागासाठी सुचवलेले उपाय अत्यंत कठोर होते.

या टिपणावरून जर्मन इतिहासकारांत वाद झाला आहे. एका बाजूचे म्हणणे असे की सरसकट हिंसेपासून निदान पहिले दोन भाग वाचवावेत, हा त्यामागचा हेतू होता. दुसरी बाजू म्हणते की ट्रेस्कोच्या वर्तुळातील माणसेही त्या हिंसेच्या यंत्रणेत कामे करत होती. माझ्या मते कागद वाचल्यावर दुसरे म्हणणे बाजूला सारता येत नाही. त्याने हिटलरला मारण्यासाठी जीव पणाला लावला हेही खरे आणि हे टिपण त्याचेच हेही खरे. एकाने दुसरे खोडले जात नाही.

१४. एसएसचे घोडदळ आणि हे घोडदळ एकच का?

एकच नाही. एसएसची घोडदळ ब्रिगेड हेरमान फेगेलाइनच्या हाताखाली होती. तिने १९४१ च्या उन्हाळ्यात प्रिप्याट दलदलीच्या भागात हजारो ज्यूंची कत्तल केली. ब्योझेलागरचे दल भूदलाचे होते आणि त्याची आज्ञासाखळी वेगळी होती. मात्र ‘भूदलाचे, म्हणून निर्दोष’ असा निष्कर्ष यातून काढू नये. प्रश्न १३ पाहावा.

१५. श्टाउफेनबेर्गही घोडदळाचाच ना? त्याला नाइट्स क्रॉस होता का?

घोडदळाचा हे बरोबर. २० जुलैला हिटलरजवळ बॉम्ब ठेवणारा क्लाउस फॉन श्टाउफेनबेर्ग बांबेर्गच्या १७ व्या घोडदळ रेजिमेंटमध्ये घडला. नाइट्स क्रॉस मात्र त्याला नव्हता. आयर्न क्रॉसचा पहिला वर्ग, सोन्यातला जर्मन क्रॉस आणि जखमींसाठीचे सोनेरी चिन्ह त्याला मिळाले होते. शेवटचे चिन्ह एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात त्याने डावा डोळा, उजवा हात आणि डाव्या हाताची दोन बोटे गमावल्यानंतरचे आहे.

१६. तलवारींसह नाइट्स क्रॉस म्हणजे आपले परमवीर चक्र समजावे का?

तशी थेट बरोबरी करू नये. परमवीर चक्र हे शत्रूसमोर दाखवलेल्या अतुलनीय शौर्याच्या कृत्यासाठी दिले जाते आणि स्वातंत्र्यानंतर आजवर ते केवळ २१ जणांना मिळाले आहे. नाइट्स क्रॉस शौर्यासाठीही मिळे आणि यशस्वी नेतृत्वासाठीही. लढाई मुख्यालयातून चालवणाऱ्या सेनापतींनाही तो मिळाला. ब्योझेलागरचे तिन्ही सन्मान नेतृत्व आणि वैयक्तिक शौर्य यांच्या सीमेवरचे आहेत. घोडदळाच्या परंपरेतून आलेले आपल्याकडचे उदाहरण हवे असेल, तर पूना हॉर्स रेजिमेंटचे घ्यावे. लेफ्टनंट कर्नल ए. बी. तारापोर (१९६५) आणि सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल (१९७१) हे तिचे दोन परमवीर. तोवर त्या रेजिमेंटच्या घोड्यांची जागा रणगाड्यांनी घेतली होती.

१७. आजच्या जर्मनीत ही पदके लावता येतात का? स्वस्तिक नसलेला नाइट्स क्रॉस दिसला, तो नकली का?

नकली असेलच असे नाही. २६ जुलै १९५७ च्या कायद्याने पश्चिम जर्मनीत युद्धकाळातील पदके लावायला परवानगी मिळाली, पण स्वस्तिक काढून. त्याच्या जागी १८१३ च्या मूळ नमुन्याप्रमाणे ओकची तीन पाने आली. संग्राहक याला ‘सत्तावनचा नमुना’ म्हणतात. तो युद्धानंतर तयार झालेला असतो, म्हणून १९४१ चा अस्सल तुकडा सांगून कोणी विकत असेल तर फसवणूक आहे, एरवी नाही. नाझी चिन्ह असलेले पदक सार्वजनिकरीत्या मिरवणे जर्मन दंडसंहितेनुसार गुन्हा आहे. संशोधन आणि शिक्षणासाठी सूट आहे.

१८. आजच्या जर्मन सैन्याने त्याची आठवण ठेवली आहे का?

पश्चिम जर्मनीच्या सैन्याने टेहळणी दलांसाठी ‘ब्योझेलागर स्पर्धा’ सुरू केली आणि शीतयुद्धाच्या काळात नाटोतील मित्रदेशांची पथकेही तीत उतरत असत. स्पर्धेला गेऑर्गचे नाव आहे, फिलिपचे नव्हे. युद्धोत्तर सैन्याला टेहळणीतले कसब आणि हिटलरला केलेला विरोध, या दोन्हींचा वारसा सांगता येईल असे नाव हवे होते. प्रश्न १३ मधील वाद तेव्हा सुरू झालेला नव्हता.